छप्पर वाळायला किती वेळ लागतो?

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूर सोडून दक्षिणेला निघाले की गोकुळ शिरगाव मागे पडते आणि कागल येण्याआधी डाव्या हाताला पंचतारांकित एमआयडीसीचा फाटा लागतो. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीत किर्लोस्करांची इंजिने जुळतात, रेमंडचे तलम सुती कापड विणले जाते, ओतकामाच्या भट्ट्या पेटतात. आजूबाजूला कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली आणि चांदीकामासाठी नावाजलेली हुपरी ही गावे आहेत. वसाहतीत रंगीत पोलादी पत्र्यांची शेड, गावात मंगलोरी कौलांची घरे आणि दोन्हीकडे मधूनमधून करड्या सिमेंट पत्र्याची छपरे. पाऊस आणि हवा सगळ्यांना सारखीच. तरीही सप्टेंबर संपता संपता काही छपरे स्वच्छ असतात, काहींवर काळे ओघळ उतरलेले असतात आणि काहींवर हिरवी गादी चढलेली असते.

हा फरक केवळ पावसाच्या प्रमाणावर ठरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाची सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर जाते, तर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये ती पाचशेच्या आसपास असते. कागल या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि त्याचा कल कोरड्या बाजूकडे आहे. मग इथल्या छपरांवर शेवाळ का धरते? कारण शेवाळाला पाऊस किती मिलिमीटर पडला याच्याशी देणेघेणे नसते. पृष्ठभाग सलग किती तास ओला राहिला, एवढेच त्याला लागते. तासाभरात पन्नास मिलिमीटर कोसळून ऊन पडले तर त्याचे फार काही साधत नाही. चार दिवस नुसती भुरभुर राहिली आणि वर ढग असले की त्याचे फावते.

एका नावाखाली तीन बिऱ्हाडे

बोलताना आपण छपरावरच्या सगळ्याच वाढीला शेवाळ म्हणतो. प्रत्यक्षात तिथे निदान तीन वेगळे जीव राहतात. पहिला म्हणजे काळा थर. तो पुष्कळदा धूर किंवा काजळी वाटतो, पण बहुतेक वेळा ती नीलहरित जीवाणूंची वस्ती असते. कडक उन्हापासून बचाव करण्यासाठी हे जीवाणू आपल्या आवरणात एक गडद रंगद्रव्य साठवतात, म्हणून हिरव्याऐवजी ते काळे दिसतात. मंदिरांच्या शिखरांवर, पाण्याच्या टाक्यांवर आणि सिमेंट पत्र्यांवर उभे काळे पट्टे दिसतात ते बहुतांशी यांचेच. दुसरे दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांच्या भागीदारीतून तयार होणारे हे करडे-पांढरे चट्टे फार सावकाश वाढतात आणि एकदा चिकटले की खरवडूनही निघत नाहीत. तिसरा जीव म्हणजे खरी हरिता, ती मऊ हिरवी गादी.

हरितेला खरी मुळे नसतात. केसांसारख्या तंतूंनी ती पृष्ठभागाला नुसती धरून राहते आणि पाणी अंगभर शोषते. उन्हाळ्यात ती वाळून तपकिरी होते, माणसाला वाटते मेली. वळवाची पहिली सर येते आणि अर्ध्या तासात ती पुन्हा हिरवी. तिचे बीजाणू वाऱ्यावर सगळीकडे फिरत असतात, त्यामुळे ती छपरावर येऊच नये असा बंदोबस्त कुणालाच करता येत नाही. तिला टेकायला मात्र थोडी धूळ, थोडा खडबडीतपणा आणि ओल लागते. धुळीची इथे ददात नाही. उन्हाळ्यात शेतातली माती उडते, गाळपाच्या दिवसांत उसाच्या भुशाची काजळी उडते आणि ओतकामाच्या परिसरात बारीक वाळू असतेच. कौलांच्या सांध्यात आणि पत्र्याच्या नाळ्यांत हा गाळ बसला की जमीन तयार झाली.

शेवाळाविषयीचे बरेचसे साहित्य थंड देशांतून आले आहे. तिथे हरितेत साठलेले पाणी हिवाळ्यात गोठते, फुगते आणि कौल किंवा शिंगल फोडते. कागलला पाणी गोठत नाही, त्यामुळे ही भीती इथे गैरलागू आहे. इथले नुकसान दुसऱ्या वाटेने होते. कौलाच्या कडेखाली वाढलेली गादी पाणी धरून ठेवते आणि उताराच्या उलट दिशेने आत खेचते. खालच्या लाकडी रिपा ओल्या राहतात, कुजतात, त्यांना वाळवी लागते. सुटलेले गोळे पन्हळीत जाऊन अडकतात, पन्हळ तुंबून पाणी भिंतीवर उतरते. आणि छपरावर चढलेल्या माणसाचा पाय घसरतो तो वेगळाच.

उत्तरेचा उतार

कोणत्याही जुन्या कौलारू घराला फेरी मारली तर उत्तरेकडच्या उतारावर वाढ जास्त दिसते. उत्तरेला ऊन कमी, एवढे स्पष्टीकरण युरोपात पुरेसे ठरेल. कोल्हापूरला गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेसतरा अंशांच्या आसपास आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात उत्तरेच्या उतारालाच थोडे जास्त ऊन मिळायला हवे. पण तेव्हा आकाश झाकलेले असते आणि त्या उन्हाचा उपयोग होत नाही.

पाऊस ओसरतो आणि आभाळ उघडते तोवर सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. सप्टेंबर ते जानेवारी दक्षिणेचा उतार खडखडीत वाळतो, उत्तरेचा मात्र तिरप्या उन्हात रेंगाळतो. त्यात हिवाळ्याचे दव. रात्री निरभ्र आकाशाखाली छप्पर आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. हवा १८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर पृष्ठभाग दोन अंशांनी थंड होणे दव पडायला पुरते. पावसाळ्यात रुजलेली वाढ अशी रोजच्या पहाटेच्या पाण्यावर थंडीचे महिने काढते. घराच्या उत्तरेला चिंच किंवा आंबा असेल तर विचारायलाच नको: फांद्या सावली देतात, पाने कुजून खत देतात आणि पाऊस थांबल्यावरही तासभर थेंब गाळतात.

श्वास घेणारे कौल

गावोगावच्या घरांवर दिसणारे मंगलोरी कौल मुळात युरोपातले. एकमेकांत खाचेने अडकणारे कौल फ्रान्सच्या अल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढले. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ च्या सुमारास मंगळूरला नेत्रावती नदीकाठच्या चिकणमातीतून त्याचा कारखाना उभा केला. अर्धगोल नळीच्या देशी कौलांपेक्षा ही कौले कमी संख्येत जास्त जागा झाकत, माकडांनी आणि वाऱ्याने सहज हलत नसत. पश्चिम किनाऱ्यावरून ती घाट चढून देशावर आली आणि इथलीच झाली.

या छपराचा एक गुण दिसत नाही. कौलांच्या सांध्यांत बारीक फटी असतात. पाणी उतारावरून वाहून जाते, पण त्याच फटींतून घरातली गरम हवा आणि चुलीचा धूर बाहेर पडतो. पाऊस थांबला की कौल दोन्ही अंगांनी वाळते: वरून वाऱ्याने, खालून घरातल्या उबेने. धुराने वाशांवर धरलेल्या काजळीने किडे लांब राहत. मातीच्या धाब्याच्या घरात धूर बाहेर सोडण्याचे काम छताला ठेवलेले सानं करी. गुऱ्हाळात चुलवाणावर काहील उकळते तिथे तर शेड बाजूंनी उघडीच ठेवतात, नाहीतर वाफेने आत उभे राहता येणार नाही.

छप्पर कोरडे ठेवण्याचा दुसरा भाग होता शाकारणीचा. वैशाखात, वळीव येण्याआधी, कौले उतरवायची, एकमेकांवर झाडायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, आढ्यावरचे कोने पुन्हा पक्के बसवायचे. गळती थांबवण्यासाठी केलेल्या या कामात शेवाळाचाही आपोआप निकाल लागे. वाळलेली गादी हाताने निघे आणि कौल दोन दिवस उन्हात तापे. शेवाळ काढायचे असे वेगळे काम गावात कधी नव्हतेच.

गेल्या काही दशकांत दोन्ही गोष्टी बदलल्या. चूल गेली, गॅस आला, आणि कौलांच्या खाली प्लायवुडचे किंवा पीओपीचे छत आले. आता छत आणि कौल यांच्यामध्ये हवेचा एक बंद कप्पा राहतो. दुपारी तो तापतो, रात्री त्यात दमटपणा कोंडतो, आणि कौलाची खालची बाजू वाळायची थांबते. काही नव्या बंगल्यांत उतरता स्लॅब घालून त्यावर सिमेंटात कौले चिकटवतात. दिसायला कौलारू, पण ते कौल आता फक्त वरूनच वाळते. खालचा सिमेंटचा थर पाणी धरून बसतो. फार्महाउसवर हल्ली येणाऱ्या डांबरी शिंगल्सचेही तेच आहे. खाली फळी, वर शिंगल, मध्ये हवेला वाट नाही.

उपाय सोपा आहे, मात्र तो बांधतानाच करायला हवा. वळचणीखाली हवा आत यायला सलग जाळीदार फट आणि आढ्यावर ती बाहेर पडायला दुसरी फट. दोन्ही लागतात. नुसते वर भोक पाडले आणि खालून हवा यायला जागा नसली तर काहीच वाहत नाही. या फटी किती मोठ्या असाव्यात यासाठी अमेरिकेत एक प्रमाण प्रसिद्ध आहे: छताच्या क्षेत्रफळाच्या तीनशेवा हिस्सा. ते १९४२ मध्ये तिथल्या सरकारी गृहकर्जाच्या नियमांत आले. त्यामागचा हेतू बर्फाळ हिवाळ्यात पोटमाळ्यात दव धरू नये हा होता. कागलच्या एप्रिलसाठी तो आकडा बेतलेला नाही. इथे उष्णता बाहेर काढायची असल्याने फट त्याहून मोठी ठेवणे शहाणपणाचे.

वीस टर्बोंचा हिशेब

वसाहतीतल्या शेडवर चकाकणारे गोल पंखे दिसतात, ते टर्बो व्हेंटिलेटर. त्यांना वीज लागत नाही. वारा पात्यांवर आदळून ते फिरवतो आणि आतली हवा ओढली जाते. वारा पडलेला असतानाही ते हळूहळू फिरताना दिसतात, तेव्हा मात्र उलटे घडत असते. शेडमधली गरम हवा वर येऊन जाता जाता त्यांना फिरवते.

गरम हवेच्या या उठावाचे गणित कागदावर मांडता येते. समजा शेड ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी ८ मीटर उंच आहे. आत ८,००० घनमीटर हवा. आतबाहेर तापमानाचा फरक ६ अंश धरला आणि खाली हवा यायला तितकीच मोकळी जागा असली, तर आढ्यावरच्या प्रत्येक चौरस मीटर उघड्या जागेतून वाऱ्याविना सेकंदाला सुमारे पाऊण घनमीटर हवा बाहेर जाते. ६०० मिलिमीटर व्यासाच्या टर्बोचा गळा ०.२८ चौरस मीटरचा. असे वीस टर्बो बसवले तर तासाला साधारण १५,००० घनमीटर, म्हणजे शेडची हवा दोनदाही पूर्ण बदलत नाही. त्याऐवजी आढ्यावर पूर्ण लांबीभर ४० सेंटिमीटर रुंदीची झाकलेली फट ठेवली, तर तीच हवा तासाला सहा वेळांपेक्षा जास्त बदलते. उंची दुप्पट केल्याने मात्र प्रवाह दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होतो. वाऱ्याच्या दिवशी टर्बो याहून चांगले काम देतात हे खरे; पण सर्वांत जास्त गरज असते त्या कुंद, पडलेल्या दुपारी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

भट्टीखान्यांची जुनी छपरे म्हणूनच वेगळी दिसतात. लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास तापतो, त्यामुळे आढ्यावर दुसरे छोटे छप्पर उचलून दोन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या लावलेल्या असतात. त्याला मॉनिटर म्हणतात. पट्ट्यांचा कोन महत्त्वाचा, कारण कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो.

कारखाने अधिनियम १९४८ च्या १३ व्या कलमात ताज्या हवेची तरतूद तर होतीच, शिवाय भिंती आणि छपरे यांचे साहित्य व रचना अशी असावी की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, असेही म्हटले होते. छपराचा उल्लेख कायद्यात उगाच आलेला नव्हता. एप्रिलच्या दुपारी उघडा पत्रा साठ अंशांच्या आसपास तापतो आणि खाली उभ्या माणसावर सरळ उष्णता फेकतो. हवा कितीही खेळती ठेवली तरी हा झोत थांबत नाही. त्याला पत्र्याखाली उष्णतारोधक थर किंवा वरून पांढरा लेप लागतो.

कापड गिरण्यांत मात्र सगळे उलटे. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून विणकाम खात्यात आर्द्रता ७५ ते ८५ टक्के ठेवतात. तिथे आढ्यावर फट ठेवली तर मेहनतीने केलेली ओल उडून जाईल. म्हणून छप्पर बंद, आणि हवा यंत्राने खेळवायची. अशा शेडच्या पत्र्याखाली उष्णतारोधक थर नसला तर हिवाळ्याच्या पहाटे आतून दव धरते आणि थेंब थेट कापडावर पडतात.

मोरचूद, जस्त आणि पत्रा

जुन्या सिमेंट पत्र्याच्या छपराकडे नीट पाहिले तर एक गंमत दिसते. आढ्यावर जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची टोपी असेल तर तिच्या खालचा पट्टा स्वच्छ असतो. प्रत्येक पावसात जस्ताचे अत्यल्प अंश विरघळून खाली ओघळतात आणि शेवाळाला ते सोसत नाहीत. तांबे याहून प्रभावी. अमेरिकेत शिंगल्सच्या खड्यांत तांबे मिसळतात ते यासाठीच.

तांब्याचा हा गुण उसाच्या आणि द्राक्षाच्या मुलखाला नवा नाही. मोरचूद (तांब्याचे सल्फेट) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण १८८५ पासून जगभर बुरशीवर वापरले जाते: एक टक्क्याचे करायचे तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. ते लोखंडी भांड्यात करू नये हे शेतकऱ्याला पाठ असते. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहतात, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजतात. छपरावर मोरचूद मारणाऱ्याने हाच खिळा आठवावा. तांब्याचे पाणी जस्ताच्या पत्र्यावर उतरले की तीच क्रिया पत्र्यावर होते, मुलामा खाल्ला जातो आणि भोके पडतात. हल्लीचे बरेच रंगीत पत्रे ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि सुमारे ४३ टक्के जस्ताच्या मुलाम्याचे असतात. त्यांनाही तांबे चालत नाही. म्हणजे तांब्याची पट्टी कौलाच्या आढ्यावर ठीक, पत्र्याच्या वर कधीच नाही. छपराचे पाणी टाकीत साठवत असाल तर आणखी सावध राहावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५, जस्ताची ५ आणि १५.

सर्वांत जास्त काळजी सिमेंट पत्र्याची. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारला की वरचा थर सुटतो आणि तंतू मोकळे होतात. ते फुप्फुसात गेले तर रोग दिसायला वीस-तीस वर्षे लागू शकतात. शिवाय हा पत्रा वयाबरोबर ठिसूळ होतो. त्यावर थेट पाय न ठेवता आधारावर टेकलेल्या फळ्यांवरूनच चालावे लागते. बहुतेक वेळा अशा छपराला हात न लावणे आणि पुढे पत्रा बदलताना तो न फोडता, ओला करून उतरवणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

पांढऱ्या लेपाचाही एक पेच आहे. तो ऊन परतवतो, शेड थंड ठेवतो. पण थंड राहिलेले छप्पर उशिरा वाळते आणि दमट हवेत त्यावर काळा थर लवकर धरतो. थर धरला की लेपाची परतवण्याची ताकद घटते. म्हणून असा लेप दरवर्षी पावसाळ्यानंतर मऊ ब्रशने धुवावा लागतो, आणि लेपाच्या खर्चात हे धुणेही धरावे लागते.

घरमालकासाठी कामांचा क्रम असा लागतो. आधी छपरावर आलेल्या फांद्या आणि पन्हळीतला गाळ. मग वाळलेली वाढ मे महिन्यात, मऊ ब्रशने, आढ्याकडून वळचणीकडे. खालून वर घासले तर पाणी आणि माती कौलाखाली जाते. मग वळचण आणि आढे यांतल्या हवेच्या वाटा. औषध शेवटी, आणि तेही छपराचे साहित्य बघून. नेमका कुठला भाग बिघडला आहे हे ओळखायला नोव्हेंबरमधली एक दवाची सकाळ पुरते. दहाच्या सुमारास शिडी लावून पाहावे. बाकीचे छप्पर वाळले असताना जो पट्टा अजून गडद दिसतो त्याच्या वर फांदी आहे का, खाली हवेची वाट बुजली आहे का, की कौल सिमेंटात बसवले आहे, हे तपासून मेच्या यादीत त्याचे काम पहिले लिहावे.